सुई, सह्याद्री आणि जुन्नरची रात्र

दहावीला तीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी आपल्या बॅचमधल्या बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्या आहेत. सहल, गॅदरिंग, बाकावर कोरलेली नावं हे सगळं त्यात येईलच. संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मला मात्र बजावलं, ‘तू इंजिनिअर आहेस, काहीतरी माहितीचं लिही.’ म्हणून मी इतिहासाकडे वळले. हा इतिहास राजा-महाराजांचा नसून एका सुईचा आहे. ही सुई विमानात असते आणि जमिनीवरच्या रेडिओ केंद्राकडे बोट दाखवते. आपल्या भागाशी तिचा फार जवळचा संबंध आहे, आणि त्यातला एक प्रसंग चाकणहून नाशिक रस्त्याने जेमतेम दीड-दोन तासांच्या अंतरावर घडलेला आहे.

पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या कोणालाही विमानाचा आवाज नवा नाही. लोहगावच्या हवाई दलाच्या तळावरून लढाऊ विमानं उडाली की वर्गाच्या खिडक्या थरथरायच्या आणि शिकवणाऱ्या बाई क्षणभर थांबायच्या. ती विमानं ढगांत शिरली की आपल्याला दिसेनाशी व्हायची. पण ढगांत शिरल्यावर वैमानिकालाही आपण दिसत नाही, जमीन दिसत नाही, डोंगर दिसत नाही. मग तो कुठे आहे हे त्याला कसं कळतं? हा प्रश्न तेव्हा आपल्यापैकी कोणी विचारला होता असं मला आठवत नाही. त्याचं उत्तर या लेखात आहे.

रेडिओविना उडण्याचे दिवस

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन उड्डाण केलं आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईला जुहूवर उतरले. तिथून पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंतचं टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. भारतीय विमानसेवेची ही सुरुवात. त्या विमानात रेडिओ नव्हता. रेल्वेचे रूळ, नद्या, किनारा आणि होकायंत्र यांवरच सगळी भिस्त होती. खालचं दिसत असेल तोवर हे ठीक होतं.

पण पावसाळ्याचं काय? जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं. तेव्हा टाटांची ही छोटीशी सेवा दोन विमानं, मोजके वैमानिक आणि मेकॅनिक यांच्यासह गाशा गुंडाळून पुण्याला यायची आणि येरवडा तुरुंगाजवळच्या एका मैदानावरून टपाल उडायचं. म्हणजे आपल्या देशातल्या पहिल्या विमानसेवेचा पावसाळी मुक्काम आपल्या शेजारीच होता. लोहगावचा तळ त्यानंतर, 1939 मध्ये, मुंबईच्या संरक्षणासाठी ब्रिटिशांनी उभारला.

रेडिओ तोवर पुण्यात आला होता, पण विमानांसाठी नव्हे. 1927 मध्ये इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली तेव्हा तिचं प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होतं. विशिष्ट दिशेने लहरी सोडण्याचं तंत्र त्यात वापरलं होतं. रेडिओ लहरींना दिशा असते, ती पाठवताना साधता येते आणि ऐकताना ओळखता येते. विमानाच्या मार्गदर्शनाचं पुढचं सगळं शास्त्र या साध्या गोष्टीवर उभं राहिलं.

ट्रान्झिस्टर फिरवून पाहा

ज्यांच्या घरी जुना ट्रान्झिस्टर होता त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. क्रिकेटची कॉमेंट्री खरखरायला लागली की वडील तो उचलून गोल फिरवायचे. एका दिशेला आवाज खणखणीत यायचा, आणखी पाव फेरा दिला की बारीक व्हायचा. ट्रान्झिस्टरच्या पोटात तारेचं वेटोळं घातलेली फेराइटची काळी कांडी असते, तीच मिडियम वेव्हची अँटेना. कांडीची लांब बाजू केंद्राकडे असली तर आवाज मोठा येतो, टोक केंद्राकडे असलं तर सगळ्यात बारीक. आकाशवाणी पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झालं आणि आजही 792 किलोहर्ट्झवर ऐकू येतं. त्यावर हा प्रयोग कोणीही करू शकतं. आवाज जिथे सगळ्यात बारीक होतो तिथे थांबा. कांडीचं टोक ज्या रेषेत आहे, त्या रेषेत कुठेतरी केंद्राचा मनोरा आहे.

विमानातलं यंत्र हेच काम आपोआप करतं. एक अडचण मात्र आहे. कांडीला दोन टोकं असतात, त्यामुळे केंद्र पुढे आहे की पाठीमागे हे तिला एकटीला सांगता येत नाही. त्यासाठी विमानात दुसरी एक साधी अँटेना असते. दोन्हींचे संकेत एकत्र केले की संशय फिटतो आणि डायलवरची सुई थेट केंद्राकडे वळते. जमिनीवरच्या केंद्राला रेडिओ बीकन म्हणतात. ते चारी दिशांना सारख्याच लहरी सोडतं आणि अधूनमधून मोर्स संकेतात आपलं नाव सांगतं. वैमानिकाने ते नाव कानांनी ऐकून खात्री करायची असते. सुई हलली एवढ्यावर विश्वास ठेवायचा नसतो, कारण ती भलत्याच केंद्राकडेही वळू शकते. आकाशवाणीची केंद्रंही मिडियम वेव्हवरच असल्यामुळे सुई त्यांच्याकडेही वळते आणि वैमानिकांनी त्यांचाही उपयोग करून घेतला आहे. ‘पुणे केंद्र’ ऐकत ऐकत पुण्याला येणं ही कविकल्पना नव्हे.

अंधारातला आराखडा

ढगांतून किंवा अंधारात केवळ उपकरणांच्या भरवशावर उडायचं असेल तर निम्मं काम जमिनीवरच, कागदावर उरकावं लागतं. ते कसं करतात याचं एक हिशेबी उदाहरण देते. पन्नाशीच्या दशकातलं डाकोटा विमान ताशी साधारण 240 किलोमीटर वेगाने उडायचं. मुंबई ते लोहगाव हवाई अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर, म्हणजे अर्ध्या तासाची वाट. आता उजवीकडून ताशी 40 किलोमीटरचा आडवा वारा आहे असं समजा. विमानाचं नाक सरळ लोहगावकडे धरून अर्धा तास उडालात तर तेवढ्या वेळात वारा विमानाला 20 किलोमीटर डावीकडे ढकलतो. ढगांतून खाली आल्यावर समोर लोहगावची धावपट्टी नसते. तुम्ही चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कुठेतरी असता.

म्हणून नाक वाऱ्याच्या दिशेने थोडं, या उदाहरणात सुमारे दहा अंश, वळवून ठेवावं लागतं. नदी ओलांडताना नावाडी नाव थोडी प्रवाहाच्या वर धरतो, तसंच. आराखड्यात प्रत्येक टप्प्यासाठी पाच गोष्टी लिहायच्या: कोणत्या बीकनवरून कोणत्या बीकनकडे, कोणत्या अंशात, वाऱ्याची दुरुस्ती किती, किती मिनिटांत पोहोचायचं आणि त्या टप्प्यावर किती उंचीच्या खाली येता कामा नये. शिवाय मुक्कामी उतरता आलं नाही तर दुसरा विमानतळ कोणता आणि तिथवर जाण्याइतकं इंधन आहे का, हेही.

यातल्या मिनिटांना फार महत्त्व आहे, कारण साध्या बीकनची सुई दिशा सांगते, अंतर सांगत नाही. केंद्र 10 किलोमीटरवर असो की 100, सुई सारखीच दिसते. अंतर कळण्याचे मार्ग तीनच. पहिला, घड्याळ आणि वेग यांचा हिशेब. दुसरा, बाजूच्या दुसऱ्या केंद्राची दिशा घ्यायची. नकाशावर दोन रेषा जिथे छेदतात तिथे आपण. तिसरा आणि सगळ्यात खात्रीचा, केंद्राच्या डोक्यावरून जाणं. त्या क्षणी पुढे रोखलेली सुई गर्रकन फिरून मागे वळते. सुई उलटी फिरेपर्यंत आपण पोहोचलो असं मानायचं नाही, हा या विद्येचा पहिला धडा.

या पद्धतीचा मोठा उपयोग ज्या सेवेला झाला तिचं केंद्र महाराष्ट्रातच होतं. 30 जानेवारी 1949 पासून देशात रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र यायची. तिथे पत्रांच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परतायचं. मुंबई-नागपूर अंतर पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे डाकोटाला जवळजवळ तीन तास. खाली बहुतेक गावांत तेव्हा वीज नव्हती, त्यामुळे दिव्यांवरून वाट ओळखणं जवळजवळ अशक्यच. घड्याळ, होकायंत्र आणि रेडिओ यांच्या जोरावर ही विमानं वर्षानुवर्षं सोनेगावला जमत राहिली. आपल्या आई-वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या नोकरीचं बोलावणं किंवा मुलगी पसंत असल्याचं पत्र या थैल्यांतून आलं असेल.

सुईच्या खोडी

ही सुई गुणी असली तरी खोडकर आहे. तिच्या खोडी आपल्या भागात विशेष जाणवाव्यात अशा आहेत.

वळवाच्या पावसात वीज चमकली की ट्रान्झिस्टरमध्ये ‘कर्रर्र’ व्हायचं ते आठवतं? वीज हीसुद्धा एक रेडिओ केंद्रच आहे, आणि भलतंच ताकदवान. एप्रिल-मेमधल्या गडगडाटी ढगांच्या आसपास सुई बीकन सोडून ढगाकडेच वळू लागते. ज्याच्यापासून दूर जायचं त्याच्याकडेच बोट दाखवते. रात्री मिडियम वेव्हवर लांबची केंद्रं ऐकू येतात हेही आपल्याला माहीत आहे. त्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन येतात आणि जवळच्या केंद्राच्या लहरींत मिसळतात, त्यामुळे सूर्यास्ताच्या आणि सूर्योदयाच्या सुमारास सुई डोलते. किनारा ओलांडताना लहरी थोड्या वळतात आणि मुंबई तर किनाऱ्यावरच आहे. डोंगरांवर आपटून लहरी परततात आणि मुंबईच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे.

म्हणूनच दुसऱ्या महायुद्धानंतर व्हीओआर नावाची सुधारित पद्धत जगभर पसरली. ती एफएमच्या जवळच्या वारंवारतेवर चालते, त्यामुळे वीज आणि रात्र यांचा त्रास जवळजवळ संपतो. केंद्रापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या 360 दिशा निघाल्या आहेत आणि आपण नेमक्या कितव्या आऱ्यावर आहोत हे यंत्र सांगतं. मुंबईचं असं केंद्र ‘बीबीबी’ या अक्षरांनी ओळखलं जातं. मोर्समध्ये एक लांब आणि तीन आखूड असा ठेका तीनदा. पुढे अंतर मोजणारं डीएमई त्याच्या जोडीला आलं आणि घड्याळावरचा भार हलका झाला.

तरीही डोळ्यांचं काम संपलं नाही. जुहू आणि सांताक्रूझ या दोन धावपट्ट्या एकमेकींपासून काही किलोमीटरवर आहेत आणि त्यांची दिशाही जवळजवळ सारखीच आहे. 1953 साली बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूवर उतरलं. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-8 त्याच चुकीने जुहूवर उतरलं आणि धावपट्टी संपल्यावर पुढे गेलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. रेडिओने दारापर्यंत आणून सोडल्यावरही शेजारच्या दारावर टकटक होऊ शकते.

7 जुलै 1962

आता त्या प्रसंगाकडे येते, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

अलिटालिया या इटालियन कंपनीचं डीसी-8 जातीचं जेट विमान, उड्डाण क्रमांक 771, सिडनीहून रोमला निघालं होतं. डार्विन, सिंगापूर, बँकॉक, मुंबई, कराची, तेहरान असा लांबलचक मार्ग. बँकॉकहून निघून ते पूर्वेकडून, म्हणजे दख्खनच्या पठारावरून, मुंबईकडे येत होतं. पावसाळ्याचे दिवस, मध्यरात्र. 7 जुलैची तारीख लागून काही मिनिटंच झाली होती. मुंबईला उतरण्यासाठी विमान खाली येत असताना ते जुन्नर परिसरातल्या एका डोंगरावर आदळलं. समुद्रसपाटीपासून सुमारे 3600 फूट उंचीवर. मुंबई तिथून अजून 80 किलोमीटरहून जास्त दूर होती. 85 प्रवासी आणि 9 कर्मचारी, असे सर्व 94 जण मृत्युमुखी पडले.

चौकशीचा निष्कर्ष थोडक्यात असा होता. मार्गनिश्चितीतल्या चुकीमुळे वैमानिकाला आपण मुंबईच्या प्रत्यक्षापेक्षा बरेच जवळ आलो आहोत असं वाटलं आणि त्याने काहीही दिसत नसताना वेळेआधी उंची सोडली. आपण नेमके कुठे आहोत हे पडताळण्यासाठी उपलब्ध असलेल्या साधनांचा उपयोग केला गेला नाही, ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान आलं आणि मार्गावरच्या भूभागाची वैमानिकाला पुरेशी ओळख नव्हती, ही त्याला हातभार लावणारी कारणं नोंदवली गेली.

यातलं ‘पुरेशी ओळख नव्हती’ हे वाचताना मला भूगोलाचा तास आठवतो. सरांनी फळ्यावर महाराष्ट्राचा आडवा छेद काढला होता: डावीकडे समुद्र, मग कोकणाची चिंचोळी सपाटी, मग एकदम उभी भिंत आणि तिच्या पलीकडे पूर्वेला हळूहळू उतरत जाणारं पठार. पूर्वेकडून येणाऱ्याला ही भिंत भिंतीसारखी दिसतच नाही. पठारावर असलेले डोंगर मात्र असतातच. जुन्नरच्या उत्तरेला असलेला हरिश्चंद्रगड 1424 मीटर, म्हणजे जवळजवळ 4670 फूट उंच. कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे 5400 फूट. हे डोंगर ओलांडल्याशिवाय मुंबईला उतरायची घाई करायची नसते. शेवटचे 60-70 किलोमीटरच काय ते सपाट कोकण. आपल्यापैकी जे दर पावसाळ्यात माळशेजला जातात किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्काम करतात, त्यांनी ते ढग पाहिले आहेत. दिवसाउजेडी दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. ती तर रात्र होती.

मी इंजिनिअर असल्यामुळे माझं मन आकड्यांकडे जातं. उतरत असलेलं जेट विमान मिनिटाला साधारण 9 ते 10 किलोमीटर जातं. 80-85 किलोमीटर म्हणजे आठ-नऊ मिनिटं. चाकणच्या चौकात आपण याहून जास्त वेळ सिग्नलला उभे राहतो. साडेतीन तासांच्या उड्डाणात एवढा फरक ही कागदावर फार मोठी चूक वाटत नाही. डाकोटाच्या काळात तेवढ्याच आठ-नऊ मिनिटांच्या चुकीने विमान 35 किलोमीटर चुकलं असतं. जेटच्या वेगाने तीच चूक दुपटीहून मोठी झाली. वेग वाढतो तेव्हा जुन्या सवयींत चालून जाणारी ढिलाई चालेनाशी होते.

आणि हे पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. त्याआधी 12 जुलै 1949 रोजी केएलएमचं कॉन्स्टेलेशन विमान खराब हवामानात मुंबईला उतरताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं होतं आणि त्यातले सर्व 45 जण गेले होते. त्यांत इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे अमेरिकन पत्रकार होते. तोच जुलै, तेच ढग. फक्त तेव्हा विमानतळ अगदी जवळ होता.

जुन्नरच्या बाबतीत मनाला लागणारी गोष्ट ही की साधनं नव्हती म्हणून ते 94 जण गेले नाहीत. साधनं होती. आपण कुठे आहोत याबद्दल वैमानिकाच्या मनात एक उत्तर तयार झालं होतं आणि ते दुसऱ्या कोणाला विचारून पाहिलं गेलं नाही. सुई उलटी फिरली का, दुसऱ्या केंद्राची रेषा कुठे छेदते, एवढंच विचारायचं होतं.

एकाच रस्त्यावर

चाकणहून राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला पोहोचलात की आजूबाजूला रेडिओचा केवढा इतिहास आहे पाहा. जवळच आर्वीला विक्रम उपग्रह भूकेंद्र आहे. 1971 मध्ये ते सुरू झालं आणि परदेशी फोन उपग्रहामार्गे लागू लागले. दुसऱ्या बाजूला खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाशातल्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकत असतात. रेडिओचा गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली गेली. आणि तिथून पश्चिमेला वळलं की जुन्नर. खोडदला सहली जातात, शिवनेरीवर तर आपण सगळेच गेलो आहोत. 1962 च्या त्या रात्रीबद्दल मात्र माझ्या ओळखीच्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. स्मरणिकेत ती नोंद असावी असं मला वाटलं.

मधल्या काळात चाकण-राजगुरुनगर भागातच पुण्याचा नवा विमानतळ होणार अशी चर्चा कित्येक वर्षं चालली. आपल्या बॅचमधल्या काहींच्या घरच्या जमिनी त्या पट्ट्यात होत्या, त्यांना ते दिवस चांगले आठवत असतील. जमिनीचा विरोध होता, डोंगरांचा प्रश्न होता, आणि 2016 मध्ये सरकारचं पारडं पुरंदरकडे झुकलं. ‘डोंगराने विमानतळ घालवला’ असं तेव्हा काहींनी चिडून म्हटलं होतं. पण धावपट्टी म्हणजे फक्त तीन-चार किलोमीटरची जमीन नव्हे. तिच्या दोन्ही टोकांना, ढगांतून आंधळेपणाने खाली येणाऱ्या विमानासाठी, कित्येक किलोमीटरचा मोकळा उतार आकाशात लागतो. तो उतार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण तो जमेस धरत नाही एवढंच.

आता सुईची गरज काय?

आज हे साधे बीकन जगभर एकेक करून बंद होत आहेत, आपल्याकडेही. उपग्रहांनी त्यांची जागा घेतली. भारताने इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांच्या सहकार्याने ‘गगन’ ही प्रणाली उभी केली. ती जीपीएसच्या आकड्यांतली चूक दुरुस्त करून विमानांना पुरवते. 2022 च्या एप्रिलमध्ये राजस्थानातल्या किशनगडला एक विमान गगनच्या आधाराने उतरवून पाहिलं गेलं. जमिनीवर महागडी उपकरणं नसलेल्या छोट्या धावपट्ट्यांना याचा मोठा फायदा होईल. मी या प्रगतीच्या विरोधात नाही. माझं पोटच तिच्यावर चालतं.

पण दुसरी बाजूही आहे. उपग्रहाचा संकेत जमिनीवर येईपर्यंत अतिशय क्षीण होतो. त्याला दाबून टाकणं किंवा त्याच्या जागी खोटा संकेत पाठवणं अवघड राहिलेलं नाही. गेल्या काही वर्षांत पश्चिम आशियातल्या संघर्षाच्या भागांवरून जाणाऱ्या विमानांना आपण भलतीकडेच आहोत असं पडद्यावर दिसू लागलं. नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला याबाबत विमान कंपन्यांना सूचना काढाव्या लागल्या. म्हणून शहाणे देश जमिनीवरच्या केंद्रांचं किमान एक जाळं जाणीवपूर्वक जिवंत ठेवतात. उपग्रह फसले तर व्हीओआरच्या आऱ्यांवरून घरी परतता यावं म्हणून.

मी स्वतः मोटारींसाठी सॉफ्टवेअर लिहिते. एक्स्प्रेस-वेवरच्या बोगद्यात गाडी शिरली की जीपीएस तुटतं. तेव्हा चाकांचे फेरे आणि वळणाचा अंदाज यांवरून गाडी कुठे असेल याचा हिशेब आमचा प्रोग्राम चालू ठेवतो. हे घड्याळ, वेग आणि वारा यांचंच नवं रूप आहे. दोन साधनांची उत्तरं जुळली नाहीत तर कोणाचं ऐकायचं, हा आमच्या कामातला सगळ्यात कठीण प्रश्न असतो. ‘हा जुना सेन्सर कशाला ठेवायचा, खर्च वाचेल’ असा आग्रह दर एक-दोन वर्षांनी कोणीतरी धरतं. त्यांचंही चुकत नाही, प्रत्येक रुपयाचा हिशेब द्यावा लागतो. अशा बैठकींत मी जुन्नरची गोष्ट सांगते. दुसरं साधन पहिल्यापेक्षा चांगलं असायची गरज नसते. ते वेगळं असलं पाहिजे आणि त्याला विचारायची सवय असली पाहिजे. 1962 मध्ये साधन होतं, विचारलं गेलं नाही. उद्या विचारायची इच्छा असेल आणि साधनच नसेल, तर ते जास्त वाईट.

आपल्या शिक्षकांनी हेच वेगळ्या शब्दांत शिकवलं होतं. गणिताच्या बाई उत्तर आल्यावर ‘ताळा करून पाहा’ म्हणायच्या आणि ताळा नसेल तर एक गुण कापायच्या. विज्ञानाच्या सरांनी चुंबकसूची टेबलावर ठेवून शेजारी हळूच लोखंडी पट्टी आणली होती आणि सुई ढळल्यावर विचारलं होतं, ‘आता उत्तर कुठे आहे?’ त्या एका गुणासाठी आपण तेव्हा किती कुरकुर केली! या लेखाच्या निमित्ताने त्या सर्वांना मनापासून नमस्कार.

शेवटी एक विनंती. मेळाव्याला येताना कोणाच्या माळ्यावर जुना ट्रान्झिस्टर पडला असेल तर सेल घालून घेऊन या. शाळेच्या मैदानावर उभं राहून 792 लावू, तो फिरवून मनोरा कुठल्या दिशेला आहे ते शोधू आणि मग मोबाइलवरच्या नकाशाशी ताडून पाहू. आपली मुलंही येणार आहेत, त्यांना हे करून पाहायला आवडेल. आणि परत जाताना कोणी नाशिक रस्त्याने जाणार असेल, तर नारायणगाव सोडल्यावर डावीकडच्या डोंगरांकडे एकदा पाहावं आणि त्या 94 जणांची आठवण ठेवावी.